स्मिता पाटील: डोळ्यांचं कौतुक खूप झालं, आता कामाबद्दल बोलूया

निशिगंध:

२०२४ मध्ये श्याम बेनेगलांच्या 'मंथन' चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, मग आपल्याकडेही निवडक चित्रपटगृहांत लागली. तेव्हापासून स्मिता पाटीलवर पुन्हा भरभरून लिहिलं जातंय. त्यातलं बरंच वाचलं आणि राहवेना, म्हणून हा धागा.

बहुतेक लेखांचा साचा एकच. बोलके डोळे, सावळा रंग, एकतिसाव्या वर्षी गेली, हळहळ. मग पुरस्कारांची यादी: 'भूमिका' आणि 'चक्र'साठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री. तिने पडद्यावर नेमकं केलं काय, एखादा प्रसंग कसा पेलला, यावर दोन ओळीही सापडत नाहीत. दहा-अकरा वर्षांत ऐंशीच्या आसपास चित्रपट केलेल्या अभिनेत्रीला आपण फोटोच्या चौकटीत बसवून मोकळे झालो आहोत.

मला तिच्या कामात दोन गोष्टी फार मोठ्या वाटतात. एक, कष्ट करणाऱ्या बाईचं शरीर तिला कळलं होतं. उकिडवं बसणं, पदर खोचणं, डोक्यावर ओझं असताना मान ताठ ठेवून चालणं, यात कुठेही 'मी आता गावातली बाई करतेय' असा आव नाही. खरं तर ती वाढली पुण्यात, राजकारणातल्या आणि सेवादलाच्या वातावरणातल्या घरात. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. अशी शहरी मुलगी 'मंथन'मध्ये बिंदू होऊन खेड्यातल्या बायकांच्या घोळक्यात उभी राहते आणि वेगळी काढता येत नाही.

दुसरी गोष्ट, ती ऐकते. समोरचा बोलत असताना आपली ओळ कधी येते याची वाट बघणारे नट-नट्या आपण खूप पाहिलेत. स्मिताच्या चेहऱ्यावर समोरच्याचं वाक्य पोचलेलं दिसतं, मग विचार दिसतो, मग उत्तर येतं. कधी येतही नाही. 'निशांत'मध्ये तिची रुक्मिणी म्हणजे जमीनदारांच्या घरातली सर्वांत धाकटी सून. नवऱ्याला आवडली म्हणून दुसऱ्याची बायको त्याच घरात पळवून आणलेली आहे. रुक्मिणीला या सगळ्यात म्हणण्यासारखं फार थोडं दिलंय. पण घरात काय चाललंय याचा हिशेब तिच्या बघण्यातून लागत राहतो. तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती.

तर प्रश्न असा: तुम्हाला तिची कोणती भूमिका महत्त्वाची वाटते, आणि का? 'का' जरूर लिहा. माझं मत 'उंबरठा'. त्यावर नंतर सविस्तर लिहिते, आधी तुमचं ऐकायचंय.

काठावरचा:

धागा आवडला. माझं मत डोळे मिटून 'जैत रे जैत'ला.

गोनीदांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट (१९७७, दिग्दर्शक जब्बार पटेल) म्हटलं की लोक आधी गाण्यांवर जातात. जाणारच. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, काय बोलणार त्यावर. पण गाण्यांच्या नादात चिंधी मागे राहते असं मला नेहमी वाटतं.

चिंधी नवऱ्याला सोडून आलेली ठाकर बाई आहे. तिला नाग्या आवडतो आणि ती ते लपवत नाही. आपल्या चित्रपटांत नायिका प्रेमात पडली की लाजते, मैत्रिणीला सांगते, झाडामागे जाते. चिंधी सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहते. यात कुठेही चवचालपणा येऊ न देणं फार अवघड आहे हो. थोडं कमी-जास्त झालं असतं तर तमाशापटातली नखरेल बाई झाली असती. स्मिताने तिला भूक लागावी इतक्या सहजतेने इच्छा दिली. 'जांभुळपिकल्या झाडाखाली' पुन्हा बघा, फक्त तिच्याकडे लक्ष ठेवून. आपण सुंदर दिसावं म्हणून केलेली एकही हालचाल नाही.

आणि मग शेवट. नाग्याला लिंगोबाच्या डोंगरावरची मधमाश्यांची पोळी उतरवायची आहे. राणीमाशीने त्याचा डोळा घेतलाय, त्याचा तो सूड आहे आणि जिद्दही. चिंधीला त्या सूडाशी काही देणंघेणं नाही, पण माणूस आपला म्हटल्यावर त्याचा डोंगरही आपला. ती त्याच्यासोबत जाते आणि जीव गमावते. नाग्या जिंकतो, पण जिंकल्याचं सांगायला ती उरत नाही. नाग्या झालेले मोहन आगाशे त्यात अप्रतिम आहेत याबद्दल वाद नाही. तरी त्या जिंकण्याची किंमत आपल्याला कळते ती आधीचा सगळा वेळ चिंधी एवढी जिवंत होती म्हणून.

शब्दवेडी:

'जैत रे जैत'ला अनुमोदन, पण माझं उत्तर 'भूमिका'.

अभिनेत्री हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' हे आत्मचरित्र वाचलेल्यांना 'भूमिका'तली काही वळणं ओळखीची वाटतील. बेनेगलांनी नावं बदलली, काळ थोडा हलवला, पण कणा तोच: घरच्यांचं पोट भरावं म्हणून लहानपणी पडद्यावर ढकललेली मुलगी, तिच्या कमाईवर जगणारा नवरा, आणि एकामागून एक पुरुषांकडे 'आता तरी घर मिळेल' म्हणून जाणं.

स्मिता त्यात उषा आहे आणि पडद्यावरची 'उर्वशी'ही. हे दुहेरी काम आहे, आणि ते कसं केलंय यावर कुणी बोलत नाही. उर्वशी म्हणून ती जे चित्रपट करते त्यांतला अभिनय जुन्या पद्धतीचा आहे. मान वेळावणं, हात पसरणं, आवाज चढवणं, सगळं त्या काळाच्या बोलपटांसारखं. आणि 'कट' झाल्यावर उषा गाडीत बसते तेव्हा चेहऱ्यावरचं सगळं ओसरलेलं असतं. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीने किशोरवयापासून थकलेल्या वयापर्यंतची बाई एकाच चित्रपटात केलीय. केसांत पांढरी बट नाही, कंबर वाकवणं नाही. बोलण्याचा वेग तेवढा बदलतो. सुरुवातीची उषा घाईने बोलते, नंतरची जपून.

विनायक काळेच्या (अमरीश पुरी) वाड्यावरचा भाग मला सगळ्यात जास्त हलवतो. इथे तिला हवं ते सगळं मिळालंय. प्रतिष्ठित घर, अंथरुणाला खिळलेल्या पहिल्या बायकोचा सांभाळ, दुसऱ्याच्या मुलाचं आईपण. ती मनापासून रमते. मग एक दिवस जत्रेला जायचं म्हणते आणि कळतं की या घराच्या बाहेर पाऊल टाकायची मुभा नाही. त्या क्षणी तिचा आधी विश्वासच बसत नाही. ती हसते जवळजवळ. मग कळतं की हा माणूस खरंच म्हणतोय. हसू विरतं आणि तिथे भीती येते, संताप त्याच्याही नंतर. एवढ्या पायऱ्या त्या छोट्या प्रसंगात आहेत. आणि सुटकेसाठी निरोप पाठवायचा कुणाला, तर ज्या नवऱ्याला सोडून आली त्यालाच.

हंसाबाईंचं आत्मचरित्र वाचून मगच चित्रपट पाहावा असं मी म्हणेन. पुस्तकातला रोखठोकपणा आणि पडद्यावरचा संयम, दोन्हीचा तोल कळतो.

जुना_प्रेक्षक:

सर्वांनी छान लिहिलंय. मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. स्मितावर लिहिताना तिच्या व्यावसायिक चित्रपटांचा उल्लेख नेहमी खालच्या आवाजात होतो, जणू काही तो डाग आहे. हे मला पटत नाही.

'नमक हलाल' आणि 'शक्ती' दोन्ही १९८२ चे. 'आज रपट जाएं'सारखं पावसातलं गाणं केल्यावर तिला फार त्रास झाला, हे पुष्कळदा सांगितलं गेलंय. असेलही, तिच्या स्वभावाकडे पाहता पटतं. पण तिने हे चित्रपट का स्वीकारले याबद्दलही ती मोकळेपणाने बोलली होती. पाच-एक वर्षं तिने छोट्या बजेटच्या चित्रपटांना वाहून घेतलं, व्यावसायिक कामं नाकारली. मग तिच्या लक्षात आलं की छोटे चित्रपट करणारेच मोठ्या नावांच्या मागे लागलेत. तेव्हा तिने ठरवलं, नावच हवं असेल तर तेही मिळवू. यात मला कमकुवतपणा दिसत नाही. व्यवसायाची जाण असलेल्या बाईचा निर्णय दिसतो.

आणि 'शक्ती'मधली तिची रोमा बघा. बाप-लेकाच्या त्या प्रचंड भांडणात, समोर दिलीपकुमार आणि अमिताभ असताना, तिला मोजकीच दृश्यं आहेत. तरी रोमा शोभेची वाटत नाही. स्वतः कमावणारी, स्वतःच्या घरात राहणारी, मनात असलं ते बोलून टाकणारी मुलगी आहे ती.

'आखिर क्यों' (१९८५) तर घरोघरच्या बायकांनी डोक्यावर घेतला होता. समांतर चित्रपट ज्या प्रेक्षकांपर्यंत पोचत नव्हते त्यांच्यापर्यंत 'नवऱ्याने फसवलं तर बाई स्वतःच्या पायावर उभी राहू शकते' ही गोष्ट तिच्या निशाने नेली. गाणी, अश्रू, योगायोग सगळं आहे त्यात. पण ती गोष्ट पोचली.

शब्दवेडी:

जुना_प्रेक्षक, 'आखिर क्यों'चा उल्लेख केलात ते बरं झालं. यावरून एक सुचलं. 'उंबरठा', 'अर्थ' आणि 'आखिर क्यों' एका ओळीत ठेवून बघा. तिन्हींत विवाहबाह्य संबंध आहे. 'उंबरठा' आणि 'आखिर क्यों'मध्ये ती फसवली गेलेली बायको, आणि 'अर्थ'मध्ये ती दुसरी बाई. 'उंबरठा' आणि 'अर्थ' तर दोन्ही १९८२ चे.

'अर्थ'ची सहानुभूती उघडपणे शबानाच्या पूजाकडे आहे, कथाच तिची आहे. तरी कविता खलनायिका होत नाही. त्या बाईला असुरक्षिततेने पोखरलेलं आहे. जे घर मोडून आपण उभे राहिलो त्याचं ओझं तिच्या मनावर बसलंय, आणि शेवटी तीही इंदरला, म्हणजे पूजाच्या नवऱ्याला, सोडते. स्मिताने कवितासाठी प्रेक्षकांची माफी मागितली नाही, हे मला फार आवडतं. ती बाई जशी आहे तशी समोर ठेवली.

अबोली:

'उंबरठा'चा विषय निघालाच आहे तर मनातलं स्पष्ट लिहिते. स्मिताच्या अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही. पण सुलभा महाजनचं वागणं मला आजही पटत नाही. लहान मुलीला घरी ठेवून दुसऱ्या गावी नोकरी करायला जाते. का, तर समाजकार्याची पदविका घेतलीय आणि काहीतरी करायचंय. सासू स्वतः समाजकार्यातली प्रतिष्ठित बाई, घरातच काम मिळालं असतं. ती मुलगी काकूजवळ वाढते, आईला परकी होते, आणि शेवटी आई पुन्हा निघून जाते. लोक त्याला मुक्ती म्हणतात. त्या मुलीचं काय? मी स्वतः नोकरी करणारी आई आहे, त्यामुळे घरी बसा असं मी म्हणत नाहीये. पण चित्रपट संपला की मला रोज दाराकडे बघणारी ती राणीच आठवते.

तिठा:

अबोली, तुमचा मुद्दा समजतो. पण याच जागी पुरुष असता तर? बदलीच्या गावी एकट्याने राहणारे, दोन महिन्यांनी घरी येणारे बाप आपल्या ओळखीत किती असतील! त्यांच्या मुलांचं काय, असं आपण विचारत नाही.

मला या चित्रपटात गिरीश कार्नाडांचा सुभाष तितकाच महत्त्वाचा वाटतो. तो दुष्ट नाही. मारत नाही, ओरडत नाही, जायला परवानगीही देतो. सुशिक्षित वकील आहे. त्याचं म्हणणं एवढंच की तू गेलीस, मला एकटं राहता येत नाही, माझ्या आयुष्यात दुसरी कुणी आली, आता तू परत आलीस तरी ते चालू राहील, ते तू समजून घे. पटकथा विजय तेंडुलकरांची आहे, त्यामुळे कुणालाही सोपं सोडलेलं नाही. सभ्य माणूस सभ्य आवाजात हे सगळं सांगतो आणि सुलभा ऐकते. निशिगंधने वर लिहिलंय ना ऐकण्याबद्दल, त्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

निशिगंध:

अबोली, तुमचा प्रतिसाद मनापासून लिहिलेला आहे, त्यामुळे मीही सविस्तर लिहिते.

मुलीचा प्रश्न चित्रपटाने टाळलेला नाही, माझ्या मते तोच त्याचा मोठेपणा आहे. शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरून हा चित्रपट आला. त्या मूळ नावातच नायिकेच्या वाट्याला काय येणार ते आहे. सुलभा सुट्टीत घरी येते तेव्हा राणी काकूला बिलगलेली असते. ती काकू (आशालता) निपुत्रिक आहे, प्रेमळ आहे, मुलीचं सगळं नीट करते. म्हणजे सुलभाला चिडायलाही जागा नाही! स्मिताने इथे काय केलंय? ती मुलीला ओढून घेत नाही, रडत नाही. पाहुण्यासारखी थोडी अंतरावर थांबते. आईने स्वतःच्या मुलीजवळ जाण्याआधी परवानगीची वाट बघावी, हे तिच्या उभं राहण्यात दिसतं. हा तोटा सुलभाला माहीत आहे आणि ती त्याची किंमत मोजते आहे. चित्रपट तिला निर्दोष ठरवत नाही.

मग ती का जाते? 'सासूच्या संस्थेत काम मिळालं असतं' हे खरं. पण तिथे ती आयुष्यभर महाजनांची सून राहिली असती. बायकांच्या सुधारगृहात ती अधीक्षक आहे. आणि ही नोकरी हा मला 'उंबरठा'चा गाभा वाटतो, त्यावर सहसा कुणी बोलत नाही. आपल्याकडे चित्रपटातल्या नोकरदार बाईचं काम दिसतच नाही. टेबल, फाइल, फोन, झालं. इथे सुलभाला नोकरी करताना आपण खरंच पाहतो. संस्थेचा कारभार ढिला, वरचे लोक मिंधे, आश्रमातल्या बायका संशयी. व्यवस्थापन समितीसमोर तिने काही मागितलं की उत्तर ठरलेलं. राजकारण्यांच्या सोयीसाठी संस्थेतल्या मुली वापरल्या जातात हे तिला कळतं. दोन बायकांमधल्या नात्याचा प्रश्न समोर येतो, १९८२ च्या मराठी चित्रपटात! आणि मग आगीत जीव जातात, चौकशी बसते, तिच्याकडेच बोट दाखवलं जातं.

या सगळ्या भागात स्मिता कुठेही क्रांतिकारक होत नाही. सुरुवातीला ती नियमांवर बोट ठेवणारी, थोडी ताठ अधिकारी आहे. आश्रमातल्या बायकांशी बोलताना तिच्या आवाजात शिकलेल्या बाईचा एक किंचित वरचढपणा आहे. तिने तो लपवला नाही. हळूहळू तो गळतो. शेवटी शेवटी ती त्यांच्याशी बोलते तेव्हा शिक्षकी सूर उरलेला नसतो. हा बदल एका प्रसंगात घडत नाही, त्यामुळे पहिल्यांदा बघताना लक्षातही येत नाही.

आणि 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या'. सुरेश भटांचे शब्द, लताबाईंचा आवाज. गाणं इतकं मोठं आहे की त्यापुढे कुठलाही चेहरा फिका पडावा. स्मिता त्या गाण्याशी स्पर्धा करत नाही. ती एकटी आहे आणि घराची आठवण येते आहे, एवढंच ठेवते.

तिठा, सुभाषबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर. फक्त एक जोड देते. तो सांगतो तेव्हा आपण स्फोटाची वाट बघत असतो. तो होत नाही. सुलभाला धक्का बसतोच, पण त्यापाठोपाठ चेहऱ्यावर एक मोकळीक येते. आता इथे राहण्याचं कुठलंच कारण उरलं नाही, ही मोकळीक. म्हणून शेवटी आगगाडीत बसलेली सुलभा मला हरलेली वाटत नाही. जिंकलेलीही वाटत नाही. तिची मुलगी मागे राहिलीय हे ती विसरलेली नाही.

अबोली:

निशिगंध, तुमच्या उत्तराबद्दल आभार. 'पाहुण्यासारखी अंतरावर थांबते' हे वाचून तो प्रसंग डोळ्यांसमोर आला. माझं मत बदललंय असं नाही, पण सुलभाला ते माहीत होतं, हे मान्य. आता पुन्हा बघेन.

काठावरचा:

'चक्र' कुणीच घेतला नाही अजून? जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, रवींद्र धर्मराज दिग्दर्शक. १९८१ मध्ये लोकार्नो महोत्सवात त्याला सुवर्ण बिबट्या हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. मुंबईच्या झोपडपट्टीत मुलाला घेऊन राहणारी अम्मा, तिच्या आयुष्यात आलेले दोन पुरुष, आणि शेवटी सगळ्यांवरून फिरणारा बुलडोझर.

हा चित्रपट आठवला की मला राग येतो तो त्याच्या जाहिरातीचा. अम्मा उघड्यावर आंघोळ करते ते दृश्य चित्रपटात आहे, आणि असायलाच हवं. ज्यांच्या घराला मोरी नाही त्या बायका अशाच आंघोळ करतात. ते बघताना मनात वाईट विचार येत नाही, कारण ती आंघोळ हे तिच्या दिवसाचं एक काम आहे, पाणी जपून वापरत उरकलेलं. तेच दृश्य पोस्टरवर मोठं करून लावलं आणि त्याचा अर्थ पार बदलून टाकला. स्मिताने त्यावर आक्षेप घेतला होता. तिच्या प्रामाणिकपणाचा असा वापर व्हावा हे फार वाईट. राष्ट्रीय पुरस्कार त्याच भूमिकेला मिळाला, हे त्यातल्या त्यात समाधान.

सांजवारा:

मी बरीच वर्षं फक्त वाचनमात्र होते, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं. मराठी आणि हिंदीपलीकडची स्मिता राहून गेलीय.

मृणाल सेन यांचा 'अकालेर संधाने' (१९८०). १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट करायला एक चमू खेड्यात येतो आणि त्यातली नायिका म्हणजे स्मिता. पात्राचं नावही स्मिताच. त्यात एक खेळ आहे. ती दुष्काळग्रस्तांची छायाचित्रं एकेक करून दाखवते आणि सहकाऱ्यांना विचारते, हा कुठल्या सालचा दुष्काळ? लोक अंदाज करतात आणि चुकतात, कारण उपाशी माणसं कुठल्याही सालातली सारखीच दिसतात. सुरुवातीला त्या खेळात उत्साह आहे, शहरातल्या हुशार लोकांचा. शेवटाकडे खोलीत कुणी बोलायला तयार नसतं. स्वतःचंच नाव असलेलं पात्र करताना स्मिताने त्या नटीतला उथळ कुतूहलाचा भागही दाखवलाय. दुष्काळ 'करायला' आलेल्या माणसांत आपणही आहोत, हे तिने कबूल केल्यासारखं वाटतं.

दुसरा 'चिदंबरम' (१९८५), जी. अरविंदन यांचा मल्याळम चित्रपट. ती शिवकामी आहे, डोंगरातल्या सरकारी फार्मवर नवऱ्यासोबत नव्याने आलेली वधू. भाषा तिची नाही, संवाद अगदी थोडे. फुलांकडे, गुरांकडे, त्या नव्या जगाकडे ती बघते ते बघणं म्हणजेच भूमिका. शेवटी अपराधाचं ओझं घेऊन भटकणारा फार्मवरचा अधिकारी शंकरन चिदंबरमच्या देवळाशी येतो आणि चपला सांभाळणारी बाई मान वर करते. ती शिवकामी असते. मला त्यावर जास्त लिहिता येत नाही.

सत्यजित राय यांच्या 'सद्गती'मधली झुरिया मी मुद्दाम वेगळी लिहीत नाही, पण ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी पाहा. लांबीने छोटा आहे. आणि काठावरचा, तिथे जातीचा माज असलेला ब्राह्मण झालेत ते मोहन आगाशे. नाग्या आणि चिंधीची जोडी पुन्हा एका चित्रपटात, केवढ्या वेगळ्या नात्याने!

जुना_प्रेक्षक:

सांजवारा, लिहीत राहा. 'गमन'चीही (१९७८) भर घालतो. नवरा मुंबईत टॅक्सी चालवायला गेलेला, आणि गावात वाट बघणारी खैरून. 'आप की याद आती रही' तिथलंच, छाया गांगुलींचं. वाट बघण्याशिवाय पात्राला काही कामच दिलेलं नाही, तरी चित्रपट संपल्यावर मुंबईपेक्षा ते घरच जास्त लक्षात राहतं.

तिठा:

एक व्यावहारिक प्रश्न. माझी भाची महाविद्यालयात आहे, तिने स्मिताचा एकही चित्रपट पाहिलेला नाही. कुठून सुरुवात करायला सांगू? 'मिर्च मसाला' म्हणणार होतो.

निशिगंध:

'मिर्च मसाला'नेच करा, चांगली निवड आहे. गोष्ट सरळ आहे आणि वेगवान आहे. सुभेदाराला थप्पड मारून पळालेली सोनबाई मिरचीच्या कारखान्यात शिरते, म्हातारा अबूमियां दार लावून घेतो, आणि मग सगळं गाव एका बाईला बाहेर काढायच्या मागे लागतं. नव्या प्रेक्षकाला धरून ठेवतो हा चित्रपट. तिच्यासोबत आत अडकलेल्या बायकांकडेही लक्ष ठेवायला सांगा. आधी त्या सोनबाईलाच दोष देतात, तिच्यामुळे आपल्यावर बालंट आलं म्हणतात. स्मिता त्या दृश्यांत आपली बाजू पटवायचा प्रयत्न करत नाही, फक्त बाहेर जायला नकार देते. तो चित्रपट १९८७ मध्ये लागला, ती गेल्यानंतर. भाचीला हे आधी सांगू नका. नाहीतर ती शेवटचं दृश्य, हातात विळा घेतलेली सोनबाई, श्रद्धांजली म्हणून बघेल.

त्यानंतर 'भूमिका', मग 'जैत रे जैत'. 'अर्धसत्य' ओघात येईल. 'उंबरठा' जरा थांबून, नोकरी लागल्यावर बघितला तरी चालेल. सुलभा समितीसमोर बसलेली असते तेव्हाचं तिचं गप्प राहणं कळायला, स्वतः कुठल्यातरी साहेबासमोर एकदा तसं बसावं लागतं.